मे महिना, परभणी आणि ग्राफिक्स कार्डाचा बोंबलणारा पंखा

मंडपातला_कॅमेरा (परभणी) – ९ मे, रात्री १२:१०

मंडळी, एक अडचण आहे, जरा सविस्तर लिहितो.

मी लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. आमच्याकडं दाट तिथी एप्रिल-मेमधल्या. म्हणजे मशीनला सगळ्यात जास्त काम पडतं ते नेमकं ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हा. मशीन साधंच आहे: आरटीएक्स ३०६०, बारा जीबीचं, दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेटला पुढून दोन पंखे, मागं एक. एडिटिंग डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर. रात्रीच्या वरातीच्या फुटेजला नॉइज रिडक्शन (अंधारातला दाणेदारपणा घालवायचं काम) लावलं की कार्ड पूर्ण भारावर जातं आणि एक्स्पोर्ट संपेपर्यंत उतरत नाही.

डिसेंबरात हेच काम करताना कार्ड ६७ अंशांवर असायचं, पंखा ६० टक्क्यांवर. आता ८१, पंखा ८५ टक्के. आवाज सलग असता तरी सहन केला असता. पण तो सों करून चढतो, दहा-पंधरा सेकंदांत उतरतो, परत चढतो. पत्र्याची खोली, मध्ये एक भिंत, पलीकडं वडील झोपतात. त्यांची झोप आधीच कच्ची. रात्री एक्स्पोर्ट लावायची सोय राहिली नाही आणि दिवसा लावावं तर पत्रा तापलेला.

आफ्टरबर्नर या कार्ड सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती जोरात, हा आलेख) बनवून पंखा आधीपासूनच जोरात ठेवला तर फरक पडेल का? का कार्डच बदलायची वेळ आलीय? पुढच्या आठवड्यात दोन लग्नं द्यायची आहेत.

---

कयाधूकाठ (हिंगोली) – ९ मे, सकाळी ७:०५

जगात जर्मनी, भारतात परभणी! कार्डाला पण कळलं परभणीचा मे काय असतो ते. कार्ड बदलू नका भाऊ, ८१ ला काही होत नाही. जाणकार येतीलच.

---

जुना_खेळाडू (नांदेड) – ९ मे, सकाळी ८:४०

एक चाचणी आधी करा, पाच मिनिटांचं काम आहे. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, तेच एक्स्पोर्ट पंधरा मिनिटं चालवा आणि आकडा बघा. दोन-तीन अंशच उतरला तर कॅबिनेटमधली हवा ठीक आहे. पाच-सहाच्या वर उतरला तर कार्डाचा पंखा बिचारा निर्दोष आहे, त्याला ताजी हवाच मिळत नाही. फॅन कर्व्हला हात त्यानंतर लावा.

---

पॅनेलवाली (छत्रपती संभाजीनगर) – ९ मे, सकाळी ९:१५

मंडपातला_कॅमेरा, खोलीचं तापमान लिहायचं राहिलं तुमचं. डिसेंबरात किती होतं आणि आता किती आहे? घरात थर्मामीटर आहे का?

---

मंडपातला_कॅमेरा – ९ मे, सकाळी ९:३०

आहे ताई. कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवतो त्या पेटीजवळ ओलावा बघायला घेतला होता, तो तापमानही दाखवतो. डिसेंबरात २४ च्या आसपास. आता दुपारी ४१. पेपरात ४२ येतं तेव्हा माझ्या खोलीत पण जवळपास तेवढंच असतं, फक्त खोलीतलं ते रात्री दहापर्यंत हलत नाही.

---

पॅनेलवाली – ९ मे, सकाळी १०:२०

मग तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू.

मी वाळूजला कंट्रोल पॅनेलच्या कामात आहे. भट्टीशेजारच्या पॅनेलमध्ये ड्राइव्ह का ट्रिप होतो, हे शोधण्यात माझा अर्धा उन्हाळा जातो. पॅनेल काय नि कॅबिनेट काय, पहिला प्रश्न एकच: आत जाणारी हवा किती अंशांची आणि वस्तू त्या हवेपेक्षा किती वर तापते. नुसत्या ८१ ला अर्थ नाही. ८१ मधून खोली वजा करायची.

डिसेंबर: ६७ वजा २४ म्हणजे ४३.
आता: ८१ वजा ४१ म्हणजे ४०.

म्हणजे कार्ड डिसेंबरापेक्षा जास्त तापत नाहीये, उलट हवेच्या वर ३ अंश कमीच आहे. आणि हे ३ अंश मिळवायला पंखा ६० टक्क्यांवरून ८५ वर गेला. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. ६० चा ८५ झाला तर ७-८ डेसिबल. तुमच्या वडिलांची झोप त्या ३ अंशांपायी मोडतेय.

पंखा फक्त हवा ढकलतो, गार करत नाही. ४१ ची हवा कितीही जोरात मारली तरी कार्ड ४१ च्या खाली जाणार नाही, आणि ठरावीक वेगानंतर प्रत्येक अंशासाठी मोजावी लागणारी किंमत वाढत जाते. यूट्यूबवरच्या चाचण्या २०-२२ अंशांच्या एसी खोलीत होतात. ते लोक ६५ दाखवतात, आपण ८१ बघून घाबरतो.

तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. आत जाणारी हवा थोडी गार करणं, कार्ड जाळतं ते वॅट कमी करणं, आणि मग पंखा. पंखा शेवटी. तोही जोरात पळवायचा म्हणून नाही, एका सुरात चालवायचा म्हणून.

---

शिस्तीत (धाराशिव) – ९ मे, सकाळी ११:५०

माझं मत वेगळं आहे. कंपनीचे इंजिनियर विचार करूनच कर्व्ह देतात. ३०६० ला चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे, आणि मूळ सेटिंगमध्ये कार्ड ८३ च्या आसपास स्वतःला सांभाळायला लागतं. ८१ वर चाललंय म्हणजे जसं ठरवलं तसंच चाललंय. लोक काहीतरी वाचून कर्व्ह बदलतात, सॉफ्टवेअर एक दिवस सुरू होत नाही आणि मग कार्ड जळालं म्हणून रडतात. आहे तसं राहू द्या.

---

लातूरचा_पोरगा – ९ मे, दुपारी १:१०

शिस्तीत दादा, मर्यादेचे आकडे बरोबर आहेत. पण सॉफ्टवेअर सुरूच झालं नाही तर कार्ड स्वतःच्या बायोसमधल्या (कार्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममधल्या) कर्व्हवर चालतं, पंखा बंद होऊन बसत नाही. मी कितीदा तरी बंद करून पाहिलंय.

मी हॉस्टेलवर राहून मशीन लर्निंग शिकायलोय. माझ्याकडं पण ३०६० च आहे, लिनक्सवर. एका खोलीत तिघं, त्यात एक नीटचा रिपीटर. त्याचा पेपर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि माझं ट्रेनिंग रात्रभर. पंखा बोंबलायलाय म्हणून एप्रिलात त्यानं माझी उशी बाहेर टाकली होती.

मी पंख्याच्या नादी न लागता पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं जास्तीत जास्त किती वॅट खायचे ती मर्यादा, खाली आणली. कार्ड मुळात १७० वॅटचं, मी १२५ वर बांधलंय. एनव्हिडिया-एसएमआय कमांडला पीएल पर्याय देऊन वॅट लिहायचे, झालं. रीस्टार्ट केलं की ते पुसलं जातं, म्हणून सिस्टिमडीत (लिनक्स सुरू होताना कामं लावणारा भाग) छोटी सर्व्हिस करून ठेवलीय. एका इपॉकला (सगळ्या डेटावरून ट्रेनिंगची एक फेरी) आधी ११ मिनिटं लागायची, आता पावणेबारा लागतात. पंखा ऐकूच येत नाही. विंडोजवाल्यांना आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी आहे, ती ओढायची.

पॅनेलवाली ताईंचा हिशोब धरला तर खोलीच्या वरचं तापणं वॅटच्या प्रमाणात उतरतं. ४३ गुणिले १२५ भागिले १७० केलं की ३१-३२ येतं. म्हणजे ४१ च्या खोलीत, ६० टक्के पंख्यावर, ७३.

---

पॅनेलवाली – ९ मे, दुपारी १:२५

शाब्बास. अगदी हेच लिहायचं होतं.

---

वरवंटा (जालना) – ९ मे, दुपारी ३:३०

पॉवर कमी करायची म्हणजे पैसे देऊन घेतलेलं कार्ड बांधून ठेवायचं, मला ते पटत नाही. मी आवरणच काढलं. कार्डावरचं प्लॅस्टिकचं झाकण आणि ते पातळ पात्यांचे दोन पंखे काढून टाकले आणि हीटसिंकवर (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) १२० मिलिमीटरचे दोन कॅबिनेट फॅन केबल टायने बांधले. कार्डाच्या पंख्याचा चिमुकला चार पिनांचा कनेक्टर असतो, त्यातून नेहमीच्या चार पिनांत जाणारी वायर ऑनलाइन मिळते. त्यामुळं पंखे कार्डाच्याच हुकमात राहिले, कर्व्ह तसाच चालतो. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो. माझ्याकडं ८ अंशांचा फरक पडला आणि आवाज निम्म्यावर आला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वॉरंटी गेली समजा. आणि कार्ड जाड होतं, खालचा स्लॉट अडतो.

---

मंडपातला_कॅमेरा – ९ मे, दुपारी ४:००

वरवंटा भाऊ, वॉरंटी अजून वर्षभर आहे, एवढं धाडस नको. पण फोटो असला तर टाका, बघायला आवडेल.

---

आसना (नांदेड) – ९ मे, संध्याकाळी ६:१५

सगळे कार्डाच्या आतलं बोलतायत, मी बाहेरचं सांगते. गार हवा हवीय ना, मग कूलर लावा. पण लावायचा कसा ते ऐका, मी दोन वर्षं चुकीचा लावला.

मे महिन्यात आपली हवा कोरडी ठाक असते, म्हणून कूलर मस्त चालतो. दुपारी खोली ३९-४० असली की माझ्याकडं कूलरच्या तोंडाशी २८-२९ मिळतात. कार्डाला लगेच तेवढाच उतार दिसतो. मी खूश होऊन कूलर सरळ कॅबिनेटकडं फिरवला होता. दुसऱ्या वर्षी झाकण काढलं तर पुढच्या पंख्याच्या पात्यांवर पांढरी खरबरीत पुटं! नखानं खरवडली तर चुन्यासारखी भुकटी. आमचं बोअरचं पाणी जड आहे. कूलरच्या हवेबरोबर बारीक तुषार उडतात, ते सुकले की क्षार तिथंच बसतो. एका स्क्रूला गंजही चढला होता.

आता कूलर खिडकीत, तोंड माझ्याकडं, कॅबिनेट विरुद्ध भिंतीला. खोली ३१-३२ राहते, तेवढं पुरतं. आणि समोरचं दार किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर खोली कोंदते आणि कूलरचा जोरच जातो.

मृग लागला की मात्र कूलर बंद. हवेत दमटपणा आला की तो गारवा देत नाही, नुसता ओलावा भरतो.

---

बाजरीची_भाकर (बीड) – ९ मे, रात्री ८:००

माझा एक प्रश्न याच धाग्यावर विचारतो, माफ करा. आमच्याकडं एक्स्पोर्टच्या मध्येच लाईट जाते. पंखा एकदम थांबतो आणि कार्ड तर तापलेलं असतं. त्यानं चिप भाजते का? कुणीतरी सांगितलं की म्हणून यूपीएस हवाच.

---

पॅनेलवाली – ९ मे, रात्री ८:४०

नाही भाजत. लाईट गेली त्या क्षणी चिपमध्ये उष्णता तयार होणंच थांबतं. वरचा हीटसिंक चिपपेक्षा गारच असतो, म्हणून चिप लगेच उतरायला लागते. यूपीएस जरूर घ्या, पण फाईल आणि हार्डडिस्कसाठी. घेताना वॅट बघा, व्हीए नाही. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर सगळं पूर्ण भारावर असलं तर तो पुरतोय का ते मोजून घ्या.

---

सरकी (मानवत) – ९ मे, रात्री ९:२०

परभणीकर, तुमचं घर जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या) वाऱ्यावर आहे का? विचारायचं कारण सांगतो.

आमच्या मानवतला दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की गावभर बारीक तंतू उडतो. तारांवर, जाळ्यांवर, झाडांवर पांढरा. धूळ झटकली की निघते, हा तंतू एकमेकांत गुंततो. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला बसला की त्याचं नमदं होतं. माझ्या पोराच्या मशीनचं पुढचं प्लॅस्टिक काढलं तेव्हा जाळीवरून हातभर पापुद्रा सलग निघाला, फुलवातीच्या कापसासारखा, फक्त राखाडी. ओढला तर फाटत नव्हता. पंखे त्याच्या मागं जीव तोडून फिरत होते आणि हवा इकडून तिकडं जात नव्हती.

पुढचं झाकण उघडून बघाच. आणि फक्त जाळी नाही, कार्डाच्या पंख्यांच्या आत हीटसिंकवरही बॅटरी मारून बघा.

---

कयाधूकाठ – ९ मे, रात्री ९:४५

आणि जुना_खेळाडूंनी सांगितलं म्हणून झाकण उघडं टाकून झोपू नका. मी एक उन्हाळा तसंच चालवलं. एका रात्री पंख्यातून टर्र टर्र आवाज आला, बघतो तर पाल. उष्णतेला किडे येतात, किड्यांमागं पाल येते. पंख्याचं एक पातं तुटलं, तोल गेल्यामुळं सगळं कॅबिनेट थरथरायला लागलं. चाचणी झाली की झाकण परत लावा.

---

मंडपातला_कॅमेरा – १० मे, रात्री ११:३०

आज दिवसभर हेच केलं. क्रमानं सांगतो.

जुना_खेळाडू, तुमची चाचणी केली. झाकण लावून ८१, काढून ७४. सात अंश! मग सरकी भाऊंचं ऐकून पुढचं प्लॅस्टिक ओढून काढलं. आमच्या घरापासून जिनिंग दोन किलोमीटर आहे, मला वाटलं होतं इतक्या लांब काय येणार. जाळी दिसतच नव्हती. लग्नातला अक्षतांचा तांदूळ पण निघाला त्यात एक, तो माझ्या बॅगेतूनच आला असणार.

जाळी धुऊन वाळवली. कार्ड ब्लोअरनं साफ केलं. आता झाकण लावून ७६, पंखा ८५ वरच. आवाज अजून आहे, पण पाच अंश फुकटात मिळाले. उद्या पॉवर लिमिट आणि कर्व्ह.

---

जुना_खेळाडू – १० मे, रात्री ११:५०

ब्लोअर मारताना पातं बोटानं धरलं होतं ना? ब्लोअरच्या हवेनं पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. पुढच्या वेळी लक्षात ठेवा. बोट नाहीतर काडी घालून अडवायचा.

आणि एक गोष्ट तुमच्या कामाच्या माणसांना हमखास नडते. कॅबिनेटचे पंखे मदरबोर्डाच्या हुकमात असतात, आणि मदरबोर्ड बहुतेक वेळा फक्त प्रोसेसरचं तापमान बघतो. तुमच्या नॉइज रिडक्शनमध्ये प्रोसेसर निवांत असतो, कार्ड तापतं. म्हणजे कार्ड घामाघूम आणि कॅबिनेटचे तिन्ही पंखे सावकाश, कारण त्यांना कुणी सांगतच नाही की आत भट्टी लागलीय.

याला फॅनकंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं. त्यात कॅबिनेटच्या पंख्यांना कार्डाचं तापमान जोडता येतं. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींचे कर्व्ह बनवायचे, मग मिक्स प्रकार निवडून दोन्हींतला मोठा आकडा घ्यायला लावायचा. पंखे तीन पिनांचे असतील तर आधी मदरबोर्डाच्या बायोसमध्ये त्यांना डीसी मोडवर (वेग व्होल्टेजनं बदलायचा प्रकार) टाका, नाहीतर ते ऐकणार नाहीत. हे केल्यावर कार्डाच्या पंख्याचं निम्मं ओझं उतरतं.

---

बिंदुसरा (बीड) – ११ मे, सकाळी १०:००

मी एक इशारा द्यायला आलोय, माझं नुकसान झालंय म्हणून.

मी सेकंडहॅण्ड कार्ड घेतलं होतं. तापायचं. एका शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहणारा लेप) बदलायला दिलं. पेस्ट बदलली, वर मेमरी चिपवरचे उष्णता वाहणारे पॅडही नवे टाकले म्हणाले. घरी आणून लावलं तर पंखा पहिल्यापेक्षा जोरात आणि दहा मिनिटांत मशीन बंद. कार्डाचं सरासरी तापमान ७८ दिसायचं, मला कळेना बंद का पडतंय. मग जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा, आकडा बघितला: १०५. दोन्हींत २७ अंशांचं अंतर! चांगल्या बसलेल्या कार्डात ते १०-१५ असतं.

उघडून बघितलं तर पॅड मूळपेक्षा जाड होते. त्यामुळं हीटसिंक एका बाजूनं उचलला गेला होता. चिपच्या एका कोपऱ्यावर पेस्टचा ढीग तसाच, दाबच पडला नव्हता. मूळ जाडीचे पॅड मागवून स्वतः बसवले, तेव्हा अंतर १३ वर आलं.

म्हणून सगळ्यांना सांगतो, फॅन कर्व्ह आखायच्या आधी हॉटस्पॉट बघा. अंतर वीसच्या वर असेल तर पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. तिथं पंखा शंभर टक्क्यांवर नेऊनही उपयोग नाही, कारण उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही.

---

मंडपातला_कॅमेरा – ११ मे, सकाळी १०:२५

बघितलं लगेच. ७६ ला हॉटस्पॉट ८८. म्हणजे बारा. जीव भांड्यात पडला. तुमचं वाईट वाटलं, पण लिहिलंत ते फार बरं झालं.

---

शिस्तीत – ११ मे, दुपारी १२:१५

बिंदुसरा, हॉटस्पॉटचं मला माहीत नव्हतं. माझ्या कार्डाचं अंतर २४ निघालं. तीन वर्षांपासून "आहे तसं" चालवतोय. मूळ सेटिंगवर विश्वास ठेवा हे माझं म्हणणं नव्या कार्डापुरतंच धरा. पेस्ट जुनी होते हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. या रविवारी उघडतो.

---

पॅनेलवाली – ११ मे, दुपारी १:००

आता कर्व्हबद्दल, परभणीकरांनी मूळ विचारलं होतं ते.

तुमचा पंखा चढ-उतार करतो त्याचं कारण म्हणजे मूळ कर्व्ह तुमच्या चालू तापमानाच्या जागी उभा चढलेला असणार. एक अंश वाढला की पंखा चार टक्के वर, हवा लागली की अंश उतरतो, पंखा पण उतरतो, परत तेच. कानाला सलग आवाज तेवढा खुपत नाही जेवढा बदलता आवाज खुपतो. भिंतीपलीकडं झोपलेल्या माणसाला तर चढच जागं करतो.

म्हणून ज्या टप्प्यात कार्ड कामाच्या वेळी राहतं, तिथं कर्व्ह सपाट ठेवा, पायरीसारखा. त्याच्या पुढं मात्र सरळ चढवा, कारण तिथं आवाजापेक्षा कार्ड महत्त्वाचं.

दुसरं, आफ्टरबर्नरच्या फॅन टॅबमध्ये टेम्परेचर हिस्टरेसिस आहे, त्याला ४ किंवा ५ द्या. म्हणजे पंखा चढला की तापमान तेवढं उतरेपर्यंत तो खाली येत नाही.

तिसरं खास आपल्या उन्हाळ्यासाठी. बऱ्याच कार्डांत काम नसताना पंखा पूर्ण थांबतो आणि ५०-६० च्या दरम्यान सुरू होतो. थंड मुलखात हे छान. आपल्याकडं खोलीच ४१, कार्ड नुसतं बसून ५५ ला जातं, मग पंखा दर दोन मिनिटांनी चालू-बंद. उन्हाळ्यापुरता तो कायम ३० टक्क्यांवर फिरू द्या, ऐकूही येणार नाही.

आणि विंडोजबरोबर आफ्टरबर्नर सुरू व्हायची खूण करायला विसरू नका, नाहीतर कर्व्ह नुसता काढलेला राहील. फॅनकंट्रोल घेतलंत तर कार्डाचा पंखा एकाच सॉफ्टवेअरच्या हाती द्या, दोघांत ओढाताण होते.

---

लातूरचा_पोरगा – ११ मे, दुपारी २:३०

लिनक्सवाल्यांसाठी: एनव्हिडिया असेल तर झॉर्गच्या (स्क्रीन सांभाळणाऱ्या भागाच्या) सेटिंग फाईलीत कूलबिट्स पर्यायाला ४ लिहिलं की एनव्हिडिया-सेटिंग्जमध्ये पंख्याची पट्टी उघडते. एएमडी कंपनीच्या कार्डवाल्यांना कोअरसीटीआरएल किंवा एलएसीटी हे सॉफ्टवेअर आहे, त्यात कर्व्ह माऊसनं काढता येतो.

ताई, "चढच जागं करतो" हे माझ्या रिपीटर मित्राला वाचून दाखवलं. म्हणाला, म्हणूनच तर उशी बाहेर टाकली होती.

---

वरवंटा – ११ मे, संध्याकाळी ५:१०

पॉवर लिमिटबद्दल मी तावातावानं लिहिलं होतं. काल रात्री करून बघितलं, ८० टक्क्यांवर. गेम खेळताना फ्रेममधला फरक मला तरी दिसला नाही आणि कार्ड अजून ६ अंश उतरलं. आकड्यापुढं काय बोलणार. ठेवतोय तसंच.

---

आसना – ११ मे, संध्याकाळी ७:४५

माझ्या आजोळी कंधारकडं जुनं माळवदाचं घर आहे. वर हात-दीड हात मातीचा थर, भिंती दगडी. भर मेमध्ये मधल्या खोलीत चादर घ्यावी लागते. मामेभाऊ तिथं कॉम्प्युटर लावून बसलाय, त्याला फॅन कर्व्ह काय असतो तेच माहीत नाही. आणि सगळे माळवदं पाडून पत्रे टाकतायत.

---

सरकी – ११ मे, रात्री ८:२०

खरंय. पण माळवदाला दरवर्षी पावसाच्या आधी माती टाकायला माणूस मिळत नाही ना आता. मिळालं तर कोण पाडेल.

परभणीकर, पत्र्याला पांढरा रंग मारून बघा, नाहीतर वर तुराट्या पसरा. आमच्याकडं गोठ्यावर टाकतात, जनावरं दुपारी आतच बसतात.

---

मंडपातला_कॅमेरा – १४ मे, रात्री १:४०

उशीर झाला, दोन्ही लग्नांचं काम उरकत होतो. पहिलं काल दिलं.

आता जे आहे ते लिहितो. पॉवर लिमिट ७५ टक्के, म्हणजे १२८ वॅटच्या आसपास. कॅबिनेटचे पंखे फॅनकंट्रोलनं कार्डाच्या तापमानाला जोडले. ते तीन पिनांचेच निघाले, बायोसमध्ये डीसी मोड केल्यावर ऐकायला लागले. कार्डाचा पंखा आफ्टरबर्नरकडंच ठेवला. कर्व्ह असा: ५० पर्यंत ३० टक्के, ६२ ला ५८, तिथून ७५ पर्यंत ५८ च सपाट, ८२ ला ८०, ८७ ला १००. हिस्टरेसिस ५.

आज दुपारी खोली ४०, कार्ड ७२. आत्ता खोली ३४, कार्ड ६६. पंखा दोन्ही वेळा ५८ वर, हललाच नाही. वरातीचं जे फुटेज ४१ मिनिटांत व्हायचं त्याला ४३ लागली. लातूरच्या पोराचा कागदावरचा आकडा ७३ होता, माझा ७२ आला!

पत्र्यावर तुराट्या पण टाकल्या आज, शेजाऱ्यानं बैलगाडीभर दिल्या. त्याचा फरक उद्या दुपारी कळेल.

दुसरं लग्न आत्ता एक्स्पोर्टला लावलंय आणि हे लिहितोय. भिंतीपलीकडून वडिलांचं घोरणं ऐकू येतंय. या महिन्यात पहिल्यांदाच कार्ड चालू असताना ते ऐकतोय.

---

पॅनेलवाली – १४ मे, सकाळी ८:१०

फार बरं वाटलं वाचून. थंडीत खोली २४ वर आली की पॉवर लिमिट परत १०० करून बघा, तेव्हा तुम्हाला ती दोन मिनिटंही परत मिळतील. दोन प्रोफाईल सेव्ह करून ठेवा, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची.

---

सरकी – १४ मे, सकाळी ९:००

आणि जाळी कधी धुणार? जिनिंग दिवाळीनंतर सुरू होतं, ते ध्यानात ठेवा.

---

मंडपातला_कॅमेरा – १४ मे, सकाळी ९:२०

दसऱ्याला कॅमेरे आणि मशीन पूजेला पुसून मांडतोच भाऊ, पहिली धुणी तेव्हा. मग जिनिंग चालू असेपर्यंत दर अमावस्येला. आईनं कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवल्यात.